पद्मिनीचे पाठभेद

आमच्या घरी एक फियाट आहे. नोंदणीच्या पुस्तकात तिचे नाव 'प्रीमियर पद्मिनी' असे आहे आणि नोंदणीचे वर्ष १९७४. परंतु ठाण्यापासून कल्याणपर्यंत कोणी या गाडीला पद्मिनी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मिस्त्री, टॅक्सीवाले, दारात गाडी लावण्यावरून वाद घालणारे शेजारी, सर्वांच्या तोंडी ती फियाटच. वडिलांनी ती १९८१ साली जुनी म्हणून विकत घेतली, डोंबिवलीला आणली आणि २००६ पर्यंत चालवली. पुढे वडील गेले आणि गाडी पत्र्याच्या शेडखाली, ताडपत्रीच्या आत उभी राहिली. २०२४ साली तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा धाकट्या बंधूंनी एक प्रस्ताव मांडला. "दादा, गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा जशी होती, तशीच्या तशी करून घेऊ."

वाक्य इतके साधे होते की आम्हीही प्रथम मान डोलावली. ठाण्याच्या वागळे इस्टेटीतल्या एका गल्लीत जुन्या गाड्यांचे काम करणारे मिस्त्री भेटले, टेम्पोवर चढवून गाडी तिकडे गेली, आणि पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी विचारले, "साहेब, कुठपर्यंत मागे जायचंय?" तेव्हापासून आमच्या घरात जो वाद सुरू आहे तो वरवर पाहता पत्रा, रंग आणि गिअर यांविषयीचा आहे. आमच्या मते तो 'मूळ' या शब्दाविषयीचा आहे. म्हणून तो येथे मांडण्याचे धाडस करीत आहोत.

'कारखान्यातून निघाली तशी' या शब्दांमागे एक सबंध जागतिक छंद, किंबहुना एक शास्त्रच उभे आहे. त्याचे माहेर अमेरिकेत. १९६४ साली पाँटियाक कंपनीने टेंपेस्ट या आपल्या मध्यम आकाराच्या मोटारीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन बसवून 'जीटीओ' विकायला काढली. 'मसल कार' नावाच्या जातीचा आरंभ सर्वसाधारणपणे तेथून मानतात. (आमच्या फियाटचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. त्या एका इंजिनात आमची जवळजवळ सहा इंजिने मावतील.) दहाएक वर्षांत विम्याचे वाढते हप्ते, धुरावरील निर्बंध आणि १९७३ चे तेलसंकट यांनी ती जात संपवली, आणि संपल्यावर तिचे पूजन सुरू झाले.

या पूजनाचे विधी पाहण्यासारखे आहेत. इंजिनावर ठोकलेला क्रमांक, गिअरपेटीवरचा क्रमांक आणि सांगाड्यावरचा क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. जुळले तर किंमत कुठल्या कुठे जाते. इंजिनच्या कप्प्यात लावलेली संकेतांची पत्र्याची पट्टी, आसनाच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला जोडणीविभागाचा कागद, यांना ताम्रपटाचे मोल. स्पर्धेतले परीक्षक खाली वाकून पाहतात की तपासनिसाने खडूने केलेली खूण योग्य जागी आहे काय, आणि रंगाऱ्याच्या पिचकारीतून जो रंग नको तेथे उडाला होता तो तसाच उडालेला आहे काय. म्हणजे कारखान्याने जी चूक घाईत केली, ती आज तज्ज्ञ मंडळी सावकाश, मोजून आणि पैसे घेऊन करतात. जेथे एवढे पैसे तेथे खोट आलीच. जुना क्रमांक घासून नवा ठोकणारे आहेत, संकेतपट्ट्या पाडून देणारे आहेत. आणि १९६० च्या दशकातल्या मस्टँग किंवा कॅमॅरो या गाड्यांचे तर संपूर्ण सांगाडे आज नव्याने घडवून मिळतात. ते विकणारे खोटे बोलत नाहीत, सांगाडा नवा आहे असे सांगूनच विकतात. पण अशा सांगाड्यावर उभी केलेली गाडी 'मूळ अवस्थेत' आहे असे म्हणताना जीभ किंचित अडखळायला हवी की नको?

ही अमेरिकेची गोष्ट डोंबिवलीत सांगण्याचे कारण केवळ नवलाई हे नव्हे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि क्रायस्लर कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या मोटारी जोडायला आरंभ केला. पुढे मसल कारच्या दरबारात जी नावे मानकरी ठरली, डॉज चार्जर काय, प्लिमथ रोडरनर काय, त्यांची थोरली भावंडे आपल्या कुर्ल्यात नट-बोल्ट आवळून रस्त्यावर येत होती. १९५० च्या दशकात प्रीमियरने इटलीच्या फियाटशी सोयरीक जुळवली आणि ११०० या मालिकेची गाडी आली. १९६४ साली तिचे 'डिलाइट' हे रूप आले. १९७० च्या दशकाच्या आरंभी करार संपल्यावर ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. ट्यूरिनमध्ये ११०० मालिकेची शेवटची गाडी १९६९ साली निघाली; आमच्याकडे तिचा वंश एकविसावे शतक उजाडेपर्यंत चालला.

आता पाहा. मूळ गाडी इटलीतली. तिचे कुर्ल्यातले रूप हे एका अर्थी भाषांतर. ते भाषांतर मूळ पुस्तक छापायचे थांबल्यानंतरही तीस वर्षे पुनर्मुद्रित होत राहिलेले. प्रत्येक आवृत्तीत थोडा फरक. आणि लेखकाचे नाव मध्येच बदललेले, जे वाचकांनी मुळीच मनावर घेतले नाही! अशा ग्रंथाची 'मूळ प्रत' कोणती म्हणावी?

कारखान्याकडे जाऊन विचारावे तर कारखाना नाही. कुर्ल्यात 'प्रीमियर रोड' उरला आहे. डोंबिवलीकरांना दुसरा प्रीमियर ठाऊक आहे, तो कल्याण-शीळ रस्त्यालगतचा. तेथे १९९० च्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत '३०९' ही गाडी तयार झाली, चार वर्षेही नीट चालली नाही, आणि भागीदारी मोडली. आज त्या परिसरात उंच इमारतींच्या वसाहती उठल्या आहेत आणि मोठ्या सभा-समारंभांच्या बातम्यांत 'प्रीमियर मैदान' असा उल्लेख येतो, तेवढेच. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव आणखी एका संदर्भात भेटते: औद्योगिक वादात कामगाराने दिवाणी न्यायालयात केव्हा जावे, यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९७५ चा प्रसिद्ध निवाडा प्रीमियरच्याच खटल्यातला आहे. तात्पर्य, ज्या अवस्थेला गाडी परत न्यायची ती अवस्था जेथे निर्माण होत होती ती जागा, ते साचे आणि ती माणसे यांतले काहीही आज जाग्यावर नाही. गाडी जपण्याविषयी आपण जेवढे हळवे होतो त्याच्या शतांशानेही कारखाना जपण्याविषयी झालो नाही, याची नोंद जाता जाता करून ठेवतो.

माणसे जाग्यावर नाहीत असे म्हटले, तरी एक होते. आमच्या मागच्या इमारतीत राहणारे एक काका पूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यात जोडणीविभागात होते. अनेक वर्षे त्यांनी डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडून पाळी केली. बंधू मोठ्या उत्साहाने त्यांच्याकडे गेले आणि आम्हीही बरोबर गेलो. "काका, कारखान्यातून निघायची तेव्हा गाडी नेमकी कशी असायची, ते सांगा."

काका म्हणाले, "कारखान्यातली? कुठल्या पाळीतली रे?"

आम्ही हसलो, ते हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले की कागदावर माप एकच असते, पण दरवाजा कागदावर लागत नाही. तो त्या त्या गाडीला हाताने बसवावा लागे. बिजागरीपाशी किती दाबायचे, खालची कड किती उचलायची, हे ज्याच्या त्याच्या हाताचे गणित. एका गाडीचा दरवाजा दुसरीला लावला तर लागेलच असे नाही. "मी बसवलेला दरवाजा मला आवाजावरनं कळायचा," ते म्हणाले. "रस्त्यात टॅक्सीचं दार कोणी लावलं की मी मान वळवून बघायचो." मग ते आमच्याबरोबर वागळे इस्टेटीत आले, गाडीचा पुढचा डावा दरवाजा दोनदा उघडून लावला, आणि काही न बोलता चहा प्यायला निघून गेले. तो त्यांनी बसवलेला होता की नव्हता, ते आम्ही विचारले नाही.

काकांच्या त्या एका प्रश्नाने आमच्या डोक्यात जे चक्र फिरू लागले ते थेट ग्रंथसंपादनाच्या शास्त्रापाशी जाऊन थांबले. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी तिच्यात इतके फरक केले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांना ती शुद्ध करावीशी वाटली. आपल्या परंपरेतला 'मूळ अवस्थेला परत नेण्याचा' हा सर्वांत मोठा प्रकल्प म्हणावा लागेल, आणि तो इतका यशस्वी झाला की वारकऱ्यांनी त्यापुढे चार शतके जी ज्ञानेश्वरी वाचली ती नाथांनी शुद्ध केलेली. १९०९ साली राजवाड्यांनी दुसरीच एक प्रत छापून सांगितले की ही नाथांच्याही आधीची, भाषा हिची जुनी. त्यावर विद्वानांत जे वाद व्हायचे ते झाले. ज्ञानेश्वरांच्या वेळची प्रत कोणासमोरच नाही. मग नाथांची प्रत 'मूळ' नव्हे म्हणून टाकून द्यावी? चारशे वर्षे जिच्यावर माणसांची बोटे फिरली तिला मूळ न म्हणावे तर काय म्हणावे?

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. सुकथनकरांसारख्या संपादकांचे आयुष्य त्यात खर्ची पडले. त्या आवृत्तीची पाने ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे की वर संपादकांनी स्वीकारलेली संहिता असते आणि खाली, पुष्कळदा वरच्यापेक्षा अधिक जागा व्यापून, पाठभेद असतात. कोणत्या हस्तलिखितात कोणता शब्द, कोणत्या श्लोकाची कोठे भर, सारे टिपलेले. वरची संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत सापडणार नाही. ती विद्वानांनी पुराव्यावरून उभी केलेली आहे. पण त्यांनी खालचे काहीही फेकले नाही. एखाद्याला वरचे पटले नाही, तर खालच्या मजकुरावरून तो स्वतःचा निर्णय करू शकतो. प्रामाणिकपणा म्हणतात तो हा.

मोटारींच्या जीर्णोद्धारात नेमके हेच होत नाही. तेथे वरची संहिता चकचकीत करतात आणि तळटीपा खरवडून काढतात.

स्थापत्याच्या क्षेत्रात हा विचार पूर्वीच झालेला आहे. १९६४ साली व्हेनिसला जी सनद झाली तिने सांगितले की जीर्णोद्धार करताना जेथे तर्क सुरू होतो तेथे हात थांबवावा, आणि नवी भर मुळाहून वेगळी ओळखू यावी. (१९६४ हेच जीटीओचे आणि आमच्या डिलाइटचेही वर्ष. यातून काही सिद्ध होत नाही. पण लिहिल्यावाचून राहवले नाही.) जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली याच धर्तीवर आपली सनद संमत केली, आणि तिचे नाव ट्यूरिनवरून आहे, म्हणजे आमच्या गाडीच्या आजोळावरून. गाडीच्या आयुष्यात तिच्यावर उमटलेल्या खुणा हाही इतिहासच होय, आणि आधी जतन, मग जीर्णोद्धार, असा तिचा रोख आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले वाहन, 'व्हीए' अक्षरे असलेली निराळी क्रमांकमालिका, रोजच्या वापराला मनाई. त्यांतही वाहन मूळ रूपात असावे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. अट रास्तच आहे. पण 'मूळ रूप' हे शब्द वाचून आम्हाला पुन्हा काका आठवले.

आता आमच्या गाडीच्या तळटीपा सांगतो, म्हणजे वाद कशावरून आहे ते ध्यानात येईल.

पहिली नावाची. वडिलांनी १९८३ च्या सुमारास ऑपेरा हाउसजवळच्या सुट्या भागांच्या दुकानातून 'फियाट' ही अक्षरे आणून पुढच्या जाळीवर बसवली आणि प्रीमियरचे चिन्ह काढून कपाटात ठेवले. दुसरी गिअरची. मुळात गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला. त्याचे सांधे झिजून दुसरा आणि चौथा यांत गोंधळ होऊ लागला तेव्हा, त्या काळी अनेकांनी केला तसा, त्यांनी तो खाली जमिनीवर घेतला. तिसरी चोकची तार. ती सायकलच्या ब्रेकची आहे. चौथी आजीसाठी केलेली सोय. आजीला मागच्या आसनावरून उठताना धरायला काही हवे असे, म्हणून झोपाळ्याची एक पितळी कडी मागच्या दाराच्या खांबाला दोन भोके पाडून पक्की केलेली. पाचवी पुराची. २६ जुलै २००५ रोजी पाणी गाडीच्या आसनांपर्यंत चढले, तळाचा पत्रा सडला, आणि त्या महिन्यात सगळ्याच गॅरेजांत रांगा असल्यामुळे कल्याणच्या एका वेल्डरने हाताशी असलेला तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून तेथे जोडला. चटई उचलली की त्यावरची अर्धी अक्षरे अजून दिसतात. सहावी रंगाची: वर पांढरा, त्याखाली निळा, त्याहीखाली फिकट राखाडी.

'कारखान्यातून निघाली तशी' करायची म्हणजे या सहाही गोष्टी जायच्या.

आम्ही ज्ञानेश्वरी, महाभारत, व्हेनिस असे सारे तोफखान्यासारखे बंधूंसमोर मांडले. ते शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी जे उत्तर दिले ते येथे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे, कारण ते आम्हाला लागले. ते म्हणाले, "दादा, बाबांना नवीच गाडी हवी होती. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, तेवढे पैसेही नव्हते, म्हणून त्यांनी जुनी घेतली. पैसे नव्हते म्हणून पिंपाचा पत्रा लावला. त्यांच्या नाइलाजाला तू इतिहास म्हणतोस. आता पैसे आहेत, तर त्यांना हवी होती तशी गाडी एकदा होऊ दे की."

या उत्तरात तथ्य आहे. सुस्थितीत आलेल्या पिढीने आधीच्या पिढीच्या ओढगस्तीची ठिगळे काचेच्या कपाटात मांडून त्यांना 'अस्सल' म्हणावे, यात एक प्रकारचा उद्दामपणा असतो, आणि साहित्यातही आपण तो पुष्कळदा पाहिलेला आहे. चाळीच्या रम्य आठवणी लिहिणारे बहुधा चाळीत राहत नसतात. शिवाय प्रत्येक फेरफार पवित्र मानायचा तर लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देण्याकरिता जुन्या फियाटला लालभडक रंग, निळे दिवे आणि रुंद चाके लावतात, तोही पाठभेदच का मानू नये? बंधूंनी हेही विचारले. त्याला आमच्यापाशी पुरते उत्तर नव्हते. आजही आहे असे म्हणवत नाही. फार तर एवढे म्हणता येईल की गरजेपोटी झालेला बदल गाडी चालती ठेवण्यासाठी असतो आणि हौसेचा बदल ती दाखवण्यासाठी; पण ही रेषा सर्वत्र सरळ जात नाही. आमच्या वडिलांनी लावलेली 'फियाट' ही अक्षरे कोणत्या गरजेची होती?

तरीही बंधूंचे एक म्हणणे आम्हास मान्य नाही. १९७४ सालची ती नवी कोरी गाडी वडिलांची कधीच नव्हती. ती पहिल्या मालकाची होती, आणि त्यांच्याविषयी आम्हाला नोंदणीपुस्तकातल्या नावापलीकडे काही ठाऊक नाही. त्या अवस्थेला गाडी नेणे म्हणजे वडिलांना हवी असलेली गाडी देणे नव्हे. ते गाडीतून वडिलांना वजा करणे होय. आणि खुद्द पद्मिनी या गाडीचे बहुसंख्य आयुष्य तरी कोठे गेले? कोणाच्या तरी बंगल्याच्या पोर्चमध्ये नव्हे, तर काळ्यापिवळ्या रंगात, टपावर वळकट्या घेऊन, मागे वायूची टाकी बसवून. ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तेव्हा लोक जिच्यासाठी हळहळले ती कारखान्यातून निघालेली पद्मिनी नव्हती. मिस्त्र्यांनी पन्नास वेळा दुरुस्त केलेली ती पद्मिनी होती. मसल कारच्या पूजकांना कारखाना हा कर्ता वाटतो, कारण तेथे गाडी बिघडली की दुसरी घेत. आमच्याकडे गाडीचा निम्माअधिक कर्ता गॅरेजात बसलेला असे आणि त्याची सही कोठेही नसे.

एक सांगून ठेवले पाहिजे: ब्रेक, तारा आणि टायर यांच्या बाबतीत आम्ही कोणतेही तत्त्वज्ञान सांगितले नाही. ते सर्व नवे घातले. पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरावर भरवसा ठेवून कल्याण-शीळ रस्त्यावर उतरणारा माणूस इतिहासप्रेमी नव्हे.

बाकीचे असे ठरले. इंजिन उघडून बोअर केले, पिस्टन बदलले; सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळला तेव्हा आम्हालाही, खोटे कशाला बोला, आनंद झाला. गिअरच्या बाबतीत बंधू जिंकले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात मिस्त्रींनी तीन फेऱ्या मारल्या आणि खांबावरच्या दांड्याचा संच मिळवला. गंमत अशी की तो हाती घेऊन गाडी चालवताना आम्हाला वडील आठवले, कारण लहानपणी त्यांच्याशेजारी बसून पाहिलेला हात तोच होता. जमिनीवरचा गिअर नंतरचा. म्हणजे त्या एका बाबतीत बंधूंचा 'मूळ' आमच्याही स्मृतीच्या अधिक जवळ निघाला. आमच्या सिद्धांताला एवढा तडा गेलेला आम्ही कबूल करतो.

तळाचा पत्रा नवा घालावाच लागला. पिंपाचा तुकडा चाळणीसारखा झाला होता. मात्र अक्षरे असलेला वीतभर भाग कापून, गंज थांबवणारे द्रावण लावून, डिकीत उजव्या बाजूला स्क्रूने बसवला आहे. कडी राहिली. मिस्त्रींनी भोके बुजवण्याची तयारी केली होती; बंधूच म्हणाले, "ती असू दे." रंग सर्वांत खालचा, राखाडी लावला, परंतु डिकीच्या झाकणाच्या आतल्या अंगाला तळहाताएवढा चौकोन रंगवलेला नाही. तेथे पायऱ्या पायऱ्यांनी घासून राखाडी, निळा आणि पांढरा असे तिन्ही थर उघडे ठेवले आहेत. मिस्त्रींना हे काही केल्या पटेना. एवढे सफाईदार काम करून एक जागा मुद्दाम अर्धवट ठेवायची म्हणजे उद्या येणारा त्यांनाच नावे ठेवणार. शेवटी काय बदलले, काय ठेवले, कोणी केले आणि केव्हा, याचे दोन पानी टिपण आम्ही तयार केले आणि त्याखाली मिस्त्रींची सही घेतली. सही करताना त्यांनी हात पुसून पेन मागितले आणि तारीखही घातली. इतक्या वर्षांत गाडीच्या कामावर कोणी सही मागितली नव्हती म्हणाले.

नावाचा प्रश्न आईकडे गेला. बंधूंनी कपाटातून प्रीमियरचे चिन्ह काढून पुसून ठेवले होते. पुढे पद्मिनीचे चिन्ह लावायचे की बाबांनी लावलेली अक्षरे ठेवायची, असे विचारल्यावर आई म्हणाली, "पद्मिनी कोणती?"

अक्षरे आहेत तशीच आहेत. टिपण पुढच्या खणात आहे, चिन्हही तेथेच रुमालात गुंडाळून ठेवले आहे. हॉर्न मात्र अजून वाजत नाही. त्यासाठी मिस्त्री म्हणतात, पुन्हा एकदा कुर्ल्याला जाऊन यावे लागेल.